ब्रेक्झिटसारख्या सार्वमताच्या वेळी सामान्य माणसे आपापसांत नेमका कशावरून वाद घालतात? त्यांना विषय कळतो का?

आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत: देशाने एखाद्या संघातून बाहेर पडावे की नाही, यावर मतदान होते तेव्हा साधी माणसे एकमेकांशी काय बोलतात, त्यांना विषय खरोखर कळतो का, आणि इतका मोठा निर्णय त्यांच्या हाती द्यावा का. मी राज्यशास्त्राची अभ्यासक नाही. मी मूळची कुडाळची, व्यवसायाने अभियंता आहे आणि २०११ पासून ब्रिटनमध्ये राहते. परंतु अशा दोन सार्वमतांत मी स्वतः मत दिले आहे, एकदा स्कॉटलंडमध्ये आणि एकदा इंग्लंडमध्ये. दोन्ही वेळी महिनोन्‌महिने चाललेले वाद मी कँटीनमध्ये, शेजाऱ्यांच्या ओट्यावर आणि शाळेच्या फाटकापाशी ऐकले आहेत, काही वेळा त्यांत पडलेही आहे. त्या अनुभवावरून लिहिते.

भारतीय पासपोर्ट असताना मला मत कसे मिळाले, असा प्रश्न आपल्या मनात येईल, म्हणून ते आधी सांगते. ब्रिटनमध्ये कायदेशीर वास्तव्य असलेल्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना तिथल्या निवडणुकांत मत देता येते, आणि तोच नियम या दोन्ही सार्वमतांना लागू होता. मतदार म्हणून नाव नोंदवण्याचा अर्ज घरी आला तेव्हा तो चुकून आला असावा असे मला वाटले होते. नियम समजल्यावर आनंदापेक्षा दडपणच अधिक आले, कारण ज्या घरात आपण पाहुणे आहोत त्या घराच्या वाटणीवर आपले मत विचारले जात होते.

पहिले सार्वमत १८ सप्टेंबर २०१४ रोजी झाले. इंग्लंड आणि स्कॉटलंड यांचे १७०७ पासूनचे ऐक्य संपवून स्कॉटलंडने स्वतंत्र देश व्हावे का, असा सरळ प्रश्न होता. मी तेव्हा ॲबरडीनमध्ये तेलक्षेत्रात काम करत होते. स्वातंत्र्याची मागणी करणाऱ्या स्कॉटिश सरकारने आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरात साडेसहाशेच्या आसपास पानांची एक श्वेतपत्रिका काढली होती, आणि चलन, निवृत्तिवेतन, सीमा, सैन्य, दूरचित्रवाणी या सगळ्याचे स्वातंत्र्यानंतर काय होईल ते तिच्यात लिहिले होते. तिची एक प्रत आमच्या कँटीनच्या टेबलावर कित्येक महिने पडून होती. तिच्या पानांचे कोपरे दुमडलेले होते आणि समासात वेगवेगळ्या हस्ताक्षरांत शेरे होते. वाद पेटला की कोणीतरी ती उघडून बोट ठेवत असे: पाउंड आपणच वापरणार असे इथे म्हटले आहे. लगेच दुसरा म्हणे की, लंडनच्या अर्थमंत्र्यांनी, जॉर्ज ऑसबोर्न यांनी, फेब्रुवारीतच सामाईक चलनाला नकार दिला आहे, मग या वाक्याला आधार कोणाचा? तिसरा तेलाच्या अंदाजापाशी जाई, कारण पिंपाला ११० डॉलरच्या आसपास भाव धरून हिशेब मांडला होता आणि आमच्यापैकी प्रत्येकाला तेलाचा भाव रोजच्या भाकरीइतका जवळचा होता.

हे वाद करणारी माणसे वेल्डर, आचारी, हिशेबनीस, सुरक्षारक्षक होती. त्यांतल्या बहुतेकांना विषयातले आपले अंग नीट माहीत होते. माझी घरमालकीण सत्तरीतली होती. स्वातंत्र्याची भाषणे ती लक्ष देऊन ऐके, पण तिचा प्रश्न एकच असे: आयुष्यभर लंडनच्या तिजोरीत पैसे भरले, मग उद्या माझे निवृत्तिवेतन कोण देणार? सहकाऱ्याची सोळा वर्षांची मुलगी (त्या सार्वमतात सोळाव्या वर्षापासून मताधिकार होता) तिला उलट विचारी की, इथली जनता ज्या पक्षाला निवडून देत नाही त्याचेच सरकार लंडनहून आमच्यावर का यावे? दोघींचे पटले नाही, पण दोघी एकमेकींच्या प्रश्नाला उत्तर देत होत्या, आणि हा मुद्दा मला पुढे फार महत्त्वाचा वाटू लागला. आमच्यातल्या एका पोलिश वेल्डरलाही मत होते, कारण स्कॉटलंडने तिथे राहणाऱ्या युरोपीय संघाच्या नागरिकांनाही मताधिकार दिला होता. त्याची काळजी निराळी होती. स्वतंत्र झालेले स्कॉटलंड युरोपीय संघात राहील की त्याला बाहेर रांगेत उभे राहावे लागेल? ऐक्याच्या बाजूचे प्रचारक तेव्हा ठासून सांगत होते की, युरोपात राहायचे असेल तर ‘नाही’ म्हणा. त्याने ‘नाही’ म्हटले.

मीही ‘नाही’वर खूण केली. चलनाचा प्रश्न सुटलेला नाही, हे माझे कारण होते. ८४.६ टक्के मतदान झाले आणि ५५.३ विरुद्ध ४४.७ टक्क्यांनी ऐक्य टिकले. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये रडणारी माणसे मी पाहिली. त्या दिवशी तिथे कोणीही मोठ्याने बोलले नाही.

पण पुढच्या मे महिन्यात ब्रिटिश संसदेची निवडणूक झाली, तेव्हा याच मतदारांनी स्कॉटलंडच्या ५९ पैकी ५६ जागा स्वातंत्र्यवादी स्कॉटिश नॅशनल पार्टीला दिल्या. इंग्लंडमधल्या पुष्कळांना हा विरोधाभास वाटला. मला मात्र माझ्या आजोबांकडून ऐकलेली गोव्याची गोष्ट आठवली. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला: महाराष्ट्रात विलीन व्हायचे असेल तर फूल, केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळे राहायचे असेल तर दोन पाने. सुमारे ३४ हजार मतांच्या फरकाने दोन पाने जिंकली, आणि त्याच वर्षी झालेल्या विधानसभा निवडणुकीत त्याच मतदारांनी विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला आणि दयानंद बांदोडकरांना पुन्हा सत्तेवर बसवले. आजोबा विलीनीकरणाच्या बाजूचे होते आणि सीमेच्या अलीकडे राहत असल्यामुळे त्यांना मत नव्हते. हा निकाल त्यांना शेवटपर्यंत उमगला नाही. मला तो ॲबरडीनमध्ये उमगला. राज्य कोणी चालवावे हा एक प्रश्न आहे आणि घराची सीमा कुठे असावी हा दुसरा. हे दोन प्रश्न वेगळे आहेत हे सामान्य मतदाराला कळते, पुढाऱ्यांना मात्र पुष्कळदा कळत नाही. ‘त्यांना विषय कळतो का’ या आपल्या प्रश्नाला माझे पहिले उत्तर हे आहे.

सार्वमत होऊन चार महिने होतात न होतात तोच तेलाचा भाव पिंपाला ५० डॉलरच्या खाली गेला. आमच्या कंपनीने माणसे कमी केली, त्यांत माझीही नोकरी गेली, आणि २०१५ च्या शरद ऋतूत मी इंग्लंडच्या दक्षिणेकडील स्विंडन या शहरात आले. एके काळी हे गाव रेल्वेच्या कारखान्यावर जगले, तो १९८६ मध्ये बंद झाला. मी आले तेव्हा होंडाचा मोटार कारखाना गावाचा आधार होता. स्विंडनमध्ये गोवेकरांची मोठी वस्ती आहे हे मला तिथे गेल्यावर कळले. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या दोन पिढ्यांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळवता येते, आणि पोर्तुगाल युरोपीय संघात असल्यामुळे त्या पासपोर्टवर ही मंडळी ब्रिटनमध्ये येऊन गोदामांत, कारखान्यांत, इस्पितळांत काम करत होती. माझे शेजारी मडगावजवळच्या एका गावचे, साठीला टेकलेले गृहस्थ होते. मी मराठीत बोलत असे, ते कोंकणीत, आणि दोघांचे कुठे अडत नसे.

ब्रिटनने युरोपीय संघात राहावे की बाहेर पडावे, यावरच्या २३ जून २०१६ च्या सार्वमताची मतदार म्हणून सूचना माझ्या घरी आली, त्यांच्या घरी आली नाही. युरोपीय संघाच्या नागरिकांना, आयर्लंड, माल्टा आणि सायप्रस यांचा अपवाद सोडता, या वेळी मत नव्हते. ज्यांचे राहणे, काम करणे आणि मुलांचे शिक्षण या निर्णयावर अवलंबून होते, त्यांना वगळले होते आणि मला, जिच्या व्हिसाचा युरोपशी काडीमात्र संबंध नव्हता, तिला मत होते. कुंपणापलीकडून ते मला म्हणाले, “बाय, तुका मत आसा, म्हाका ना.” त्यांच्या वडिलांनी १९६७ मध्ये दोन पानांचा प्रचार केला होता. ते वाक्य माझ्या मनातून आजही गेलेले नाही.

स्विंडनमधला वाद ॲबरडीनपेक्षा वेगळा होता, आणि त्याचे कारण माणसे कमी हुशार होती हे नव्हे. ‘बाहेर’ म्हणजे कुठे, हे या वेळी कोणीही कागदावर लिहिलेले नव्हते. सरकार संघात राहण्याच्या बाजूचे असल्यामुळे त्याने बाहेरचा आराखडा केला नाही, आणि बाहेर पडा म्हणणाऱ्या संघटनांना राज्य चालवायचे नसल्यामुळे त्यांच्यावर तो करण्याचे बंधन नव्हते. त्यामुळे बोट ठेवायला टेबलावर काही नव्हते, आणि प्रत्येकाने स्वतःचे ‘बाहेर’ स्वतःच रचले.

मी ज्यांच्याशी सर्वांत जास्त बोलले ते रेल्वे कारखान्यातून निवृत्त झालेले एक वृद्ध फिटर होते. मजूर पक्षाचे जुने कार्यकर्ते, टोनी बेन यांना मानणारे. १९७५ मध्ये युरोपीय सामाईक बाजारपेठेत, म्हणजे युरोपीय संघाच्या पूर्वरूपात, राहावे का, यावर ब्रिटनमध्ये पहिले देशव्यापी सार्वमत झाले होते आणि ६७ टक्के लोकांनी ‘राहावे’ म्हटले होते. बेन तेव्हा मंत्री असूनही विरोधात उभे राहिले, आणि या गृहस्थांनी त्यांच्याबरोबर विरोधात मत दिले होते. त्यांचे म्हणणे असे की, माझ्या खासदाराला मी ओळखतो, तो चुकला तर पाच वर्षांनी त्याला घरी बसवू शकतो; पण युरोपीय संघाच्या मुख्यालयात, ब्रसेल्समध्ये, कायद्याचा प्रस्ताव मांडण्याचा अधिकार ज्या आयोगाकडे आहे त्याला मी कोणत्या मतपेटीतून घालवू? याला मी उत्तर देण्याचा प्रयत्न केला: मंत्रिपरिषदेत आपला मंत्री बसतो, युरोपीय संसद आपण निवडतो. ते शांतपणे म्हणाले की, युरोपीय संसदेतल्या आपल्या प्रतिनिधींची नावे सांग. मला एकही सांगता आले नाही. त्यांच्या बोलण्यात परक्यांविषयी द्वेष नव्हता. ज्याला जाब विचारता येत नाही त्याची सत्ता मान्य करायची नाही, हे तत्त्व होते, आणि मी विरुद्ध बाजूची असूनही मला ते आजही वजनदार वाटते.

होंडाच्या कारखान्यात काम करणारी एक बाई माझ्या मुलीच्या मैत्रिणीची आई होती. युरोपातून ट्रकने येणारे सुटे भाग तासांच्या हिशेबाने कसे जुळवणीच्या पट्ट्यावर पोचतात हे ती सांगे, आणि बंदरावर तपासणी सुरू झाली तर काय होईल ते तिला कुठल्याही अर्थतज्ज्ञापेक्षा अधिक स्पष्ट दिसत होते. याउलट, शाळेत प्रवेश मिळत नाही, डॉक्टरची वेळ तीन आठवड्यांनी मिळते, अशी तक्रार करणाऱ्या आया होत्या. २००४ मध्ये पूर्व युरोपातले देश संघात आले तेव्हा ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन यांनी पहिल्याच दिवशी दारे उघडली. माणसे आली, त्यांनी कर भरला, पण शाळा आणि दवाखाने त्या वेगाने वाढले नाहीत. ही तक्रार खरी होती. तिचे मूळ लंडनच्या खर्चाच्या निर्णयांत अधिक आणि ब्रसेल्समध्ये कमी होते, असे माझे मत आहे, परंतु रांगेत उभ्या असलेल्या आईला हा फरक सांगणारा माणूस प्रचारात क्वचितच दिसला.

आपल्याच लोकांतला वाद मला सर्वांत अनपेक्षित होता. भारतीय वंशाचे अनेक ब्रिटिश नागरिक बाहेर पडण्याच्या बाजूचे होते, आणि त्यांचे कारण समजून घेण्यासारखे आहे. २०१२ पासून ब्रिटिश नागरिकाला भारतातून नवरा किंवा बायको आणायची तर वर्षाला किमान १८,६०० पौंड उत्पन्न दाखवावे लागे, आणि म्हाताऱ्या आईवडिलांना आणणे जवळजवळ अशक्य झाले होते. युरोपीय संघातून आलेल्या कामगाराला आपल्या जोडीदारासाठी अशी अट नव्हती. माझ्या ओळखीची एक परिचारिका म्हणाली, “मी इथली नागरिक असून माझी आई नाशिकला एकटी आहे, आणि काल आलेल्याचे सगळे कुटुंब इथे आहे. हा न्याय आहे का?” तेव्हाच्या मंत्री प्रीती पटेल भारतीय उपाहारगृहांच्या मालकांना सांगत होत्या की, युरोपातून बाहेर पडलो तर दक्षिण आशियातून आचारी आणणे सोपे होईल. म्हणजे एकजण स्थलांतर थांबावे म्हणून ‘बाहेर’वर खूण करणार होता आणि त्याचा शेजारी स्थलांतर वाढावे म्हणून त्याच चौकटीत खूण करणार होता. फिटरचे ‘बाहेर’ तिसरेच होते. त्या एका शब्दाखाली ही सगळी माणसे एकत्र मोजली गेली.

जोडीदार आणण्यासाठीच्या उत्पन्नाची ती अट एप्रिल २०२४ मध्ये २९,००० पौंड झाली. त्या परिचारिकेसमोर मी तो विषय काढत नाही.

बाहेर पडण्याच्या प्रचारकांनी फिरवलेल्या लाल बसवरच्या आकड्याविषयी आपण नक्की वाचले असेल: आठवड्याला ३५ कोटी पौंड युरोपला पाठवतो, ते आरोग्यसेवेला देऊ. पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी १९८४ मध्ये मिळवलेली सवलत त्यात वजा केलेली नव्हती, म्हणजे तेवढे पैसे कधी जातच नव्हते. परत मिळणारे अनुदान वजा केल्यावर खरा आकडा निम्म्याहूनही कमी होता, आणि सरकारी आकडेवारीवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाने बसवरचा आकडा दिशाभूल करणारा असल्याचे मतदानापूर्वीच सांगितले होते. त्या आकड्याने लोक फसले, असे सरसकट म्हणणे मला पटत नाही. मी ज्यांच्याशी बोलले त्यांतले बहुतेकजण म्हणत की, दोन्ही बाजू आकडे फुगवतात. अर्थखात्याने घरटी ४,३०० पौंडांचे नुकसान होईल असे सांगितले तेव्हा होंडातल्या त्याच बाईने, जी संघात राहण्याच्या बाजूची होती, मला विचारले की, कोणत्या घराचे? कित्येक वर्षांत ज्याचा पगार महागाईच्या मागेच राहिला आहे, त्याला हा आकडा ना धमकी वाटत होता ना माहिती. राहण्याच्या बाजूने बोलणाऱ्या आम्हा लोकांची ही मोठी चूक होती: आम्ही तोट्याविषयी बोललो, युरोपात राहण्यात चांगले काय आहे हे आम्ही जवळजवळ सांगितलेच नाही.

आणि एक गोष्ट, जिची मला आज सर्वांत जास्त खंत वाटते. त्या सगळ्या महिन्यांत स्विंडनमध्ये माझ्या कानांवर ब्रिटनच्या ताब्यातले उत्तर आयर्लंड आणि युरोपीय संघातला आयर्लंड देश यांच्यामधल्या सीमेचा उल्लेख एकदाही आला नाही, आणि मीही तो केला नाही. १९९८ च्या शांतता करारानंतर जी सीमा जमिनीवर दिसेनाशी झाली होती ती पुढची तीन वर्षे ब्रिटिश संसदेला सतत अडवून राहिली. म्हणून ‘विषय कळतो का’ याचे माझे दुसरे उत्तर असे की, आपल्या अंगणापुरता विषय माणसांना फार चांगला कळतो, परंतु दुसऱ्याच्या अंगणातला भाग कोणीतरी समोर आणून ठेवावा लागतो, आणि २०१६ मध्ये तो ठेवणारे कोणी नव्हते.

१६ जूनला खासदार जो कॉक्स यांचा खून झाला. प्रचार थांबला, आणि माझ्या रस्त्यावर काही दिवस दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांशी अतिशय जपून बोलत होते. २३ तारखेला मी ‘राहावे’वर खूण केली. ५१.९ विरुद्ध ४८.१ टक्क्यांनी देशाने बाहेर पडण्याचा कौल दिला. स्विंडननेही तोच दिला. स्कॉटलंडने ६२ टक्क्यांनी ‘राहावे’ म्हटले होते. तिथल्या त्या पोलिश वेल्डरचा सकाळी फोन आला. युरोपात राहता यावे म्हणून त्याने दोन वर्षांपूर्वी ‘नाही’ म्हटले होते आणि या वेळी त्याला मतच नव्हते. तो संतापलेला नव्हता, फक्त पुन्हा पुन्हा विचारत होता की, मग तेव्हा मला जे सांगितले ते कोणाच्या भरवशावर?

आता आपला तिसरा प्रश्न. असा निर्णय सामान्य मतदारांच्या हाती द्यावा का? द्यावा, असे मी दोन्ही वेळा हरलेल्या आणि जिंकलेल्या माणसांना पाहून सांगते, पण कशावर मत मागितले जात आहे ते आधी लिहून द्यावे. न्यूझीलंडने मतदानाची पद्धत बदलताना हे केले. १९९२ मध्ये लोकांना विचारले की, बदल हवा का आणि कोणता. मग संसदेने नव्या पद्धतीचा कायदा संपूर्ण लिहून मंजूर केला, आणि १९९३ मध्ये तो लिहिलेला कायदा लागू करावा की जुनेच ठेवावे, यावर अंतिम मत घेतले. ब्रिटनमध्ये ‘बाहेर’ म्हणजे काय, हे २४ डिसेंबर २०२० रोजी, मतदानानंतर साडेचार वर्षांनी, बाराशेहून अधिक पानांच्या व्यापार कराराच्या रूपाने ठरले. संसदेने तो ३० डिसेंबरला एका दिवसात मंजूर केला. मतदारांना त्यावर विचारले गेले नाही.

होंडाचा कारखाना जुलै २०२१ मध्ये बंद झाला. कंपनीने विजेवर चालणाऱ्या गाड्यांकडे वळण्याचे कारण दिले आणि ब्रेक्झिटशी त्याचा संबंध नाही असे सांगितले, ते तसेच नोंदवते. ती बाई आता एका गोदामात काम करते. शेजारच्या गोवेकर काकांनी युरोपीय नागरिकांसाठी ठरलेल्या मुदतीपूर्वी कायम वास्तव्याचा हक्क मिळवला. तो अर्ज आम्ही माझ्या फोनवरून, त्यांच्या स्वयंपाकघरात बसून भरला. वृद्ध फिटरना मी मागच्या वर्षी विचारले की, करारात काय आहे हे २०१६ मध्ये ठाऊक असते तर? त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले की, मी तेच मत दिले असते, पण निदान मला ते वाचायला मिळायला हवे होते.